आकाशाचा परवाना आणि डॉक्टरचा दाखला

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे एक मध्यम वस्तीचे गाव आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तेथे हौशी वैमानिकांची जत्रा भरते. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या लागाव्यात तशी चहूबाजूंनी लहानमोठी विमाने तेथे येऊन उतरतात आणि पंखाखाली तंबू ठोकून मंडळी आठवडाभर मुक्काम करतात. जुलै २०२५ च्या मेळ्यात अमेरिकेच्या वाहतूकमंत्र्यांनी एक नवा नियम जाहीर केला. ‘मोझेइक’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो आणि वैमानिकांपुरता तो २२ ऑक्टोबर २०२५ पासून अमलातही आला आहे. त्यातील तांत्रिक कलमे बाजूला ठेवली तर सामान्य माणसाला कळेल असा त्याचा अर्थ एवढाच की, सेस्ना १७२ सारखे चार आसनांचे साधे विमान दिवसाउजेडी आणि फार तर एका सोबत्यासह उडवायचे असेल, तर त्यासाठी विमानविद्येच्या खास डॉक्टरचे प्रमाणपत्र आता लागणार नाही. मोटार चालविण्याचा परवाना खिशात असला की प्रकृती ठीक असल्याचा पुरावा म्हणून तो पुरेल. विमान उडविण्याचे शिक्षण आणि त्याची परीक्षा यांतून कोणाची सुटका झालेली नाही. सुटका झाली आहे ती डॉक्टरच्या दाखल्यातून.

स्वतःचे विमान बाळगणारी माणसे ज्या देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तेथील वाचकाला ही बातमी दूरची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाखल्याशी आपले नाते काही आजचे नाही. रजेच्या अर्जाला जोडलेला ‘आठ दिवस विश्रांतीची गरज’ असल्याचा दाखला, नोकरीत रुजू होताना द्यावे लागणारे शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र, चाळिशी ओलांडल्यावर वाहनपरवान्यासाठी भरून घ्यावा लागणारा नमुना १-अ, हे सारे कागद आपल्या परिचयाचे आहेत. कागदावर सही करणाऱ्याने खरोखरच नाडी पाहिली होती काय, हा प्रश्न कचेरीत कोणी विचारत नाही; शिक्का ठळक उमटला आहे ना, एवढेच पाहिले जाते. कागद आणि प्रकृती यांचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाचा काथ्याकूट अमेरिकेतील विमानोड्डाणाच्या क्षेत्रात जवळजवळ शंभर वर्षे चालला आहे. त्यात निघालेले काही निष्कर्ष विमानाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने समजून घ्यावेत असे आहेत.

तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र

अमेरिकेत नागरी विमानोड्डाणाचा पहिला कायदा १९२६ साली झाला. त्या पाठोपाठ वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीची व्यवस्था उभी राहिली. लष्करी वैद्यकाचा अनुभव असलेले डॉ. लुई बाउअर हे तिचे पहिले प्रमुख. १९२७ साली देशभरातील ५७ खासगी डॉक्टरांची तपासनीस म्हणून निवड करण्यात आली. आजही पद्धत तीच आहे: सरकार स्वतः तपासत नाही, सरकारने नेमलेले डॉक्टर तपासतात आणि वैमानिक पदरचे पैसे मोजतो.

प्रमाणपत्राचे तीन वर्ग आहेत. मोठ्या प्रवासी विमानांच्या कप्तानाला पहिल्या वर्गाचे, पैसे घेऊन विमान चालविणाऱ्याला दुसऱ्या वर्गाचे आणि केवळ हौस म्हणून किंवा स्वतःच्या कामासाठी उडणाऱ्याला तिसऱ्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र चाळिशीच्या आत पाच वर्षे आणि चाळिशीनंतर दोन वर्षे चालते. गंमत अशी की, इंजिन नसलेले ग्लायडर चालविणाऱ्याला असले कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. ज्याच्या हाताशी इंजिनाचा आधार नाही, उतरण्याची चूक सुधारण्यास जो पुन्हा वर जाऊ शकत नाही, त्याच्या प्रकृतीविषयी सरकार निश्चिंत. आणि ज्याच्याजवळ इंजिन आहे त्याच्याविषयी चिंताक्रांत! कायदे ज्या क्रमाने जन्माला येतात त्या क्रमाचेच हे फळ असावे. त्यात तर्कशास्त्र शोधण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष तपासणी फारशी कठीण नसते. दृष्टी, श्रवण, रक्तदाब, लघवीची चाचणी आणि सर्वसाधारण तपासणी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. कठीण असतो तो फॉर्म. आयुष्यात कधीही अमुक विकार झाला होता काय, अशा स्वरूपाच्या प्रश्नांची लांबलचक यादी त्यात असते. गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या डॉक्टरांकडे गेलात, तेही लिहावे लागते. खोटी माहिती दिल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, अशी समज त्याच कागदावर छापलेली असते. हृदयविकाराचा झटका, अपस्मार, औषधांवर अवलंबून असणारा मधुमेह, काही मनोविकार, व्यसनाधीनता अशा पंधरा गोष्टी मुळातच अपात्र ठरविणाऱ्या म्हणून नियमात नोंदल्या आहेत. त्यांपैकी एखादी निघाली की प्रकरण ओक्लाहोमा सिटीतील केंद्रीय कचेरीकडे जाते. तेथून आणखी चाचण्या मागविल्या जातात, त्यांचा खर्च वैमानिक करतो, आणि महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर विशेष बाब म्हणून प्रमाणपत्र मिळते किंवा मिळत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या दिवशी डॉक्टर तपासतो त्या दिवसापुरतेच प्रमाणपत्र खरे असते. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या तपासणीपर्यंत वैमानिकाचा डॉक्टर वैमानिकच. उड्डाणास बाधक असा विकार आपल्याला आहे हे माहीत असताना विमान चालवू नये, असा स्वतंत्र नियम आहे आणि प्रमाणपत्र खिशात असले तरी तो लागू असतो. म्हणजे दोन वर्षांतील एक दिवस परीक्षा डॉक्टर घेतो आणि उरलेले सातशे एकोणतीस दिवस माणसाने स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यावी, असेच या व्यवस्थेने प्रथमपासून गृहीत धरले आहे. सुरक्षिततेचा खरा आधार कोणता, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

खरे बोलण्याची किंमत

अर्थशास्त्रात माहितीच्या विषमतेचा विचार होतो. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात; त्यातून बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या बाबतीतही स्थिती अशीच आहे. छातीत कधी कळ आली, रात्री झोप का लागत नाही, पत्नीच्या निधनानंतर वर्षभर कोणत्या गोळ्या घेतल्या, हे वैमानिकाला ठाऊक असते. अर्ध्या तासासाठी भेटणाऱ्या तपासनिसाला ते कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वैमानिकाने सांगणे. आणि सांगितले तर काय होते? निरोगी माणसाला काहीच त्रास नाही. ज्याने कधी डॉक्टरचा उंबरठाच ओलांडला नाही त्यालाही नाही. त्रास होतो तो दुखणे वेळीच ओळखून उपचार घेणाऱ्याला आणि ते प्रामाणिकपणे लिहून देणाऱ्याला. ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट कमी होते, हा सिद्धांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतो. येथे कर बसला आहे तो खरे बोलण्यावर आणि वैद्याकडे जाण्यावर.

याचा सर्वांत विदारक प्रत्यय मानसिक आजारांच्या बाबतीत येतो. एप्रिल २०१० पर्यंत नैराश्यावरील कोणतेही औषध चालू असलेल्या अमेरिकन वैमानिकाला प्रमाणपत्र मिळत नसे. म्हणजे वैमानिकापुढे दोन वाटा होत्या: औषध घेऊन जमिनीवर राहायचे, किंवा औषध न घेता नैराश्यासह आकाशात जायचे. तिसरी वाट चोरून औषध घेण्याची. सुरक्षिततेच्या दृष्टीने पहिली वाट चांगली हे खरे. पण नियम माणसाला कोणत्या वाटेकडे ढकलतो हे पाहायला हवे होते. २०१० मध्ये काही ठराविक औषधांना, बऱ्याच अटी घालून, मुभा देण्यात आली, आणि पुढे आणखी काही सवलती आल्या. तरीही ‘डॉक्टरला सांगितले की विमान गेले’ ही वैमानिकांच्या मनातील धास्ती गेली नाही. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील डोंगरावर हेतुपुरस्सर आदळविले आणि १५० माणसे मेली. त्या सहवैमानिकाच्या हाती वैध प्रमाणपत्र होते. त्याचा आजार काही डॉक्टरांना ठाऊक होता. तो विमानकंपनीपासून लपविला गेला होता.

हौशी वैमानिकांच्या वर्तुळातले एक प्रकरण तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. या गृहस्थांना १९६४ पासून वैमानिकाचा परवाना होता. १९८५ मध्ये त्यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी अशा व्यक्तीला वैद्यकीय प्रमाणपत्र दिले जात नसे. म्हणून त्यांनी आपण होऊन उडणे थांबविले. १९९४ मध्ये मात्र त्यांनी आजाराचा उल्लेख न करता अर्ज केला, प्रमाणपत्र मिळविले आणि पुढेही अनेकदा तसेच नूतनीकरण केले. मधल्या काळात प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी सामाजिक सुरक्षा खात्याकडे अपंगत्वाचे साहाय्य मागितले होते. तेथे अर्थातच आजार लिहिला होता. २००२ मध्ये दोन सरकारी खात्यांनी आपल्या याद्या एकमेकींशी ताडून पाहण्याची मोहीम हाती घेतली आणि हे गृहस्थ जाळ्यात सापडले. परवाना रद्द झाला, गुन्हा कबूल करावा लागला, परिवीक्षा आणि हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आपली खासगी माहिती खात्यांनी परस्पर वाटून घेतली, यामुळे झालेल्या मनस्तापाची भरपाई त्यांनी मागितली; ती मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन अशा मतांनी नाकारली.

या निकालपत्रात एक छोटी तळटीप आहे. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००६ साली याच गृहस्थांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी एचआयव्हीचे निदान आणि त्यावरील उपचार यांची सारी कागदपत्रे तपासली गेली, आणि त्यानंतर खात्याने त्यांना वैद्यकीय प्रमाणपत्र व परवाना दोन्ही परत दिले. मधल्या वर्षांत औषधे सुधारली होती, नियमही बदलले होते. परंतु फॉर्म भरताना भीती वाटलेल्या माणसाला नियम बदलल्याची बातमी कोण सांगणार? ती विचारायला जाणे म्हणजेच गुन्ह्याची कबुली देणे.

या माणसाने खोटे लिहिले हे समर्थनीय नाही. पण खोटे लिहिणारे असे एकच गृहस्थ असते तर याद्या ताडून पाहण्याची मोहीम काढावी लागली नसती.

नियमपालन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एखाद्या वैमानिकाला प्रमाणपत्र दिले आणि तो महिन्याभरात हृदय बंद पडून कोसळला, तर सही करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. उलट, धडधाकट माणसाला विनाकारण जमिनीवर बसविले तर त्याची बातमी होत नाही, चौकशी होत नाही, बढतीही अडत नाही. दोन चुकांपैकी एकीचीच किंमत मोजावी लागत असेल तर माणूस दुसरी चूक करीत राहणार. सरकारी कचेरीत फाइल ‘अधिक माहितीसाठी’ का परत येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

बॉब हूव्हर यांचे उदाहरण या संदर्भात अमेरिकेत नेहमी दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून निसटून शत्रूचेच विमान पळवून आणणारा हा वैमानिक पुढे हवाई कसरतींचा बादशहा म्हणून गाजला. दोन्ही इंजिने बंद करून तो विमान गिरकीतून काढी आणि अलगद धावपट्टीवर उतरवी. विमान कोलांटी घेत असताना पेल्यात चहा ओतून दाखवी. १९९२ मध्ये, तो सत्तरीत असताना, ओक्लाहोमा सिटीच्या एका प्रदर्शनातील त्याच्या उड्डाणाबद्दल दोन निरीक्षकांनी प्रतिकूल अभिप्राय दिला आणि त्यातून त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र गेले. कारण मेंदूची क्षमता घटल्याचे. ऑस्ट्रेलियाने मात्र त्याला तपासून पात्र ठरविले. तोच माणूस, तेच विमान, तोच मेंदू. एका देशात अपात्र आणि दुसऱ्या देशात पात्र. दीर्घ झगड्यानंतर १९९५ मध्ये अमेरिकेने प्रमाणपत्र परत केले, आणि त्यानंतरही तो कित्येक प्रदर्शनांत उडत राहिला. वयाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून आठवण द्यावीशी वाटते: १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविणाऱ्या जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी कराची ते मुंबई हे आपले जुने उड्डाण लेपर्ड मॉथ या इवल्याशा विमानातून पुन्हा एकट्याने करून दाखविले, तेव्हा त्यांचे वय ७८ होते. जुहूच्या धावपट्टीवर ते उतरले त्याचे कौतुक साऱ्या देशाने केले. अर्थात प्रत्येक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस जेआरडी नसतो, आणि नियम सर्वांसाठी करावे लागतात, हेही खरेच.

नियमाने घडविलेली विमाने

वैद्यकीय नियमाचा परिणाम माणसावर व्हावा हे समजू शकते. तो यंत्रावर कसा होतो हे मात्र २००४ नंतर दिसले. त्या वर्षी अमेरिकेने ‘क्रीडा वैमानिक’ हा नवा वर्ग निर्माण केला. या वर्गाला वाहनपरवाना हाच प्रकृतीचा पुरावा म्हणून चालणार होता. अट अशी की विमान हलके हवे. हलके म्हणजे किती? दोन आसने, एक इंजिन, ताशी सुमारे २२२ किलोमीटरच्या आत वेग आणि इंधन व माणसे धरून एकूण वजन ६०० किलो.

या सहाशेच्या आकड्याने काय केले पाहा. अमेरिकेतील हजारो माणसे ज्या विमानावर उडायला शिकली ते सेस्ना १५०. अशी तेवीस हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. स्वभावाने गरीब, नाकाखाली चाक असल्यामुळे उतरविण्यास सोपे. त्याचे कमाल वजन सुमारे ७२६ किलो. म्हणून ते नियमाबाहेर. उलट १९४० च्या दशकातील पायपर कब ५५३ किलोचे, ते नियमात. कबला चाक शेपटीखाली असते, त्यामुळे जमिनीवर उतरताना ते गर्रकन फिरण्याची भीती असते; त्यातल्या बहुतेकांत विजेची यंत्रणाच नाही, पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करावे लागते. म्हणजे प्रकृतीविषयी साशंक असलेल्या, साठी उलटलेल्या गृहस्थाला कायद्याने सोप्या विमानातून उतरवून अवघड विमानात बसविले आणि वर इंजिनाचा पंखा हाताने फिरवायला सांगितले! जुन्या हलक्या विमानांना एकाएकी मागणी आली आणि लाकूड-कापडाच्या वस्तू वारसाहक्काच्या दागिन्यांसारख्या जपल्या जाऊ लागल्या.

नवी विमाने बांधणाऱ्यांनी सहाशेच्या चौकटीत बसण्यासाठी एकेक किलो खरवडून काढला. सेस्ना कंपनीने २००७ मध्ये स्कायकॅचर हे दोन आसनी विमान जाहीर केले. किंमत खाली ठेवण्यासाठी ते चीनमधील शेनयांग येथे बांधण्याचे ठरले. प्रारंभीची किंमत एक लाख साडेनऊ हजार डॉलर. पुढे ती जवळजवळ दीड लाखावर गेली. टाकी पूर्ण भरली तर दोन धिप्पाड माणसे नियमात बसत नसत, आणि अमेरिकेत धिप्पाड माणसांची टंचाई नाही. दोनशेच्या आसपास विमाने विकली गेल्यावर कंपनीने हा उद्योग आवरता घेतला आणि न खपलेली विमाने २०१६ मध्ये विचिटा येथे मोडीत काढली. अपयशाला इतरही कारणे होती. तरीही ज्या आकड्याचा वैमानिकाच्या हृदयाशी किंवा डोळ्यांशी काडीचा संबंध नाही, त्या आकड्याने कारखान्यांतील आराखडे ठरविले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

याच २००४ च्या नियमात एक विलक्षण कलम होते. ज्याने वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी कधी अर्जच केला नाही, किंवा जुने प्रमाणपत्र गुपचूप संपू दिले, त्याला वाहनपरवान्यावर उडता येई. परंतु ज्याने शेवटचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, त्याला ही सवलत नाही. दोन मित्र, दोघांचे हृदय सारखेच कमकुवत. एकाने विचारले म्हणून तो खाली. दुसऱ्याने विचारलेच नाही म्हणून तो वर. साहजिकच हौशी वैमानिकांच्या गप्पांत एक व्यवहारज्ञान रूढ झाले: शंका असेल तर तपासनिसाकडे जाऊ नका, प्रमाणपत्राची मुदत संपू द्या. रुग्णाने डॉक्टरला टाळावे म्हणून याहून परिणामकारक योजना कोणी मुद्दाम आखली असती तरी तिला सुचली नसती.

२०१२ मध्ये वैमानिकांच्या दोन मोठ्या संघटनांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रमाणपत्रातून सूट मिळावी असा अर्ज केला. पुढे हा विषय ओक्लाहोमाचे सेनेटर जेम्स इनहॉफ यांनी हाती घेतला. ते स्वतः जुने वैमानिक. २०१० मध्ये टेक्सासमधील एका बंद धावपट्टीवर, कामगार काम करीत असताना, विमान उतरविल्याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली होती आणि २०१३ मध्ये त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रियाही झाली होती. सुधारणा करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्यात असावा हे राजकारणात नवे नाही. सुधारणा त्यामुळे वाईट ठरत नाही, एवढेच. १५ जुलै २०१६ रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि १ मे २०१७ पासून ‘बेसिकमेड’ योजना सुरू झाली. हिच्यात वैमानिकाने चार वर्षांतून एकदा कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडूनही, ठराविक यादीप्रमाणे तपासून घ्यायचे आणि दर दोन वर्षांनी आरोग्यविषयक अभ्यासक्रम पुरा करायचा. सहा आसनांपर्यंतची विमाने त्यात बसत. २०२४ मध्ये ही मर्यादा सात आसनांवर नेण्यात आली. हजारो वैमानिक या योजनेत आले. परिणाम काय झाला? २०२१ मध्ये विमान वाहतूक प्रशासनाने काँग्रेसला दिलेल्या अहवालात, बेसिकमेडवर उडणारे आणि तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र बाळगणारे यांच्या अपघाताच्या जोखमीत फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष अनपेक्षित म्हणता येत नाही. हौशी विमानांचे अपघात होतात ते प्रामुख्याने विमानावरील ताबा सुटल्यामुळे, ढगात किंवा खराब हवेत शिरल्यामुळे, इंधनाचा हिशेब चुकल्यामुळे. आकाशात अचानक प्रकृती बिघडून झालेले अपघात त्या मानाने फारच थोडे. चाळीस वर्षे रक्तदाब मोजून टळले नसते असे अपघात एखाद्या अनुभवी शिक्षकाबरोबर दोन तास उडून टळू शकतात.

लॉकहार्टचा फुगा

मग सर्वच दाखले रद्द करावेत काय? असे म्हणणाऱ्यांनी ३० जुलै २०१६ ची टेक्सासमधील लॉकहार्टजवळची घटना विसरू नये. इनहॉफ यांच्या कायद्यावर स्वाक्षरी होऊन पंधराच दिवस झाले होते. पंधरा प्रवाशांना घेऊन पहाटे निघालेला गरम हवेचा फुगा विजेच्या तारांवर आदळला आणि वैमानिकासह सोळाही जण दगावले. वैमानिकाला अनेक विकार होते आणि गुंगी आणणारी कित्येक औषधे तो एकाच वेळी घेत होता, असे चौकशीत आढळले. ग्लायडरप्रमाणेच फुग्याच्या वैमानिकालाही प्रमाणपत्र लागत नसे, मग तो पैसे घेऊन प्रवासी नेत असला तरी. अपघातास हे धोरणही हातभार लावणारे ठरले, असे चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटले. २०२२ मध्ये पैसे घेऊन फुगा चालविणाऱ्यांना दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले.

त्या माणसाने फॉर्मवर तरी खरे लिहिले असते काय, ही शंका रास्त आहे. तथापि त्या पंधरा प्रवाशांची बाजू वेगळी होती. तिकीट काढणाऱ्याला वैमानिकाच्या घरातील औषधांचे कपाट पाहता येत नाही. त्याच्या वतीने ते कोणीतरी पाहायला हवे, आणि ते काम शासनाखेरीज दुसऱ्या कोणाचे नाही. एकट्याने किंवा एका परिचित सोबत्यासह, शेतांवरून तासभर फेरी मारून येणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या चुकीचा भार मुख्यतः त्याच्यावरच पडतो. अर्थशास्त्रज्ञ ज्यांना बाह्य परिणाम म्हणतात ते येथे कमी आहेत. गजबजलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनापासून हातभर अंतरावरून जाणाऱ्या मोटारचालकाचे तर त्याहून कितीतरी अधिक. त्या मोटारचालकावर आपण विश्वास टाकतो आणि या वैमानिकावर टाकीत नाही, याचे समर्थन सवयीपलीकडे कशाने होणार? ब्रिटनने २०१६ मध्ये खासगी वैमानिकांच्या बाबतीत हाच विचार मान्य केला आणि मोटारचालकाच्या निकषांवर त्यांची स्वतःची घोषणा स्वीकारण्यास सुरुवात केली. भारतात खासगी वैमानिकाला आजही दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. हौशी वैमानिकच इतके थोडे आहेत की तिची फारशी चर्चा होत नाही.

‘मोझेइक’ने सहाशे किलोचा आकडा वैमानिकापुरता काढून टाकला, हे त्याचे मोठे काम. आता पाहिला जातो तो विमानाच्या पंखांचा आधार सुटण्याचा वेग. तो ताशी सुमारे १०९ किलोमीटरच्या आत असला की पुरे. त्यामुळे सेस्ना १५० वीस वर्षांनी नियमात परत आले, आणि तिच्या थोरल्या बहिणीही आल्या. रात्री उडायचे असेल तर बेसिकमेड किंवा जुने प्रमाणपत्र लागते, तेही योग्यच.

परंतु २००४ चे ते विलक्षण कलम मात्र जागच्या जागी राहिले आहे. ज्याचा शेवटचा अर्ज नामंजूर झाला त्याला वाहनपरवान्यावर अजूनही उडता येत नाही. बेसिकमेडचीही तीच कथा. त्यासाठी जुलै २००६ नंतर एकदा तरी जुन्या पद्धतीचे प्रमाणपत्र मिळविलेले असावे लागते. २२ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी अमेरिकेतील कितीतरी लहान धावपट्ट्यांवर पांढऱ्या केसांच्या माणसांनी वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या सेस्नांवरची आच्छादने काढली असतील. त्याच धावपट्टीच्या कडेला कुंपणाशी उभा असलेला एखादा शेजारी, ज्याने दहा वर्षांपूर्वी छातीतली कळ फॉर्मवर खरीखरी लिहिली होती, तो त्या दिवशीही जमिनीवरच होता.